गिटारचा उसना कान

मिरवणुकीत बेंजो पार्टी वाजत असते तेव्हा आपण नाचणाऱ्यांकडे बघतो, फार तर ढोलवाल्यांकडे. बेंजोवाल्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तो आपला गाडीवर एका कडेला बसलेला असतो. डाव्या हाताने टाईपरायटरसारखी बटणं दाबतोय, उजव्या हाताने तारा छेडतोय, आणि त्या हातभर लांबीच्या पेटीतून निघालेला सूर ताशा, ढोल आणि जनरेटर या सगळ्यांच्या डोक्यावरून चाललेला. खरं तर एवढंसं वाद्य. त्याचा मूळचा आवाज बंद खोलीबाहेरही नीट ऐकू जायचा नाही. पण तारांखाली एक चुंबक असतो, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, आणि तिथून एक वायर निघून ॲम्प्लिफायरला जाते. हाच पिकअप. मला वाटतं महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी आयुष्यात ऐकलेला पहिला पिकअप गिटारचा नसतो, बेंजोचा असतो. फक्त ते त्यांना माहीत नसतं.

या बेंजोचा अमेरिकन बँजोशी नावापुरताच संबंध. हे आपलं बुलबुल तरंग. आणि तेही मूळचं आपलं नाहीच. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं. जपानी कोतोच्या तारा आणि टाईपरायटरची बटणं यांचं लग्न लावून दिलं म्हणा ना. तिथून ते आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग झालं, कव्वालीच्या पार्टीत शिरलं, लग्नाच्या वरातीत शिरलं, गणपतीत आणि भीमजयंतीत शिरलं, आणि वाटेत कुठेतरी कुण्या कारागिराने त्याला पिकअप बसवला. त्या कारागिराचं नाव इतिहासात नाही. (2016 साली रवी जाधवांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुखला घेऊन. त्या सिनेमाबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण निदान या वाद्याचं नाव तरी पोस्टरवर आलं.)

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं त्याचं कारण माझा पुतण्या. त्याचा मेसेज आला : “काका, बाबांची गिटार रेकॉर्ड करायचीये. कमी पैशातला चांगला पिकअप सांगा. भोक न पाडता.”

यातले शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. ही गिटार माझ्या थोरल्या भावाची. 1986 साली मुंबईहून आणलेली, कलकत्त्याची बनावट, साधीच. कॉलेजच्या गॅदरिंगपासून सोसायटीच्या कोजागिरीपर्यंत तिने सगळं बघितलंय. दादाला जाऊन चार वर्षं झाली. पुतण्याकडे लॅपटॉप आहे, ऑडिओ इंटरफेस आहे, आणि वडिलांच्या चार-पाच चाली आहेत ज्या त्याला कायमच्या नोंदवून ठेवायच्या आहेत. एका दुरुस्तीवाल्याने त्याला सांगितलं की ब्रिजखाली पट्टी बसवू, खालच्या बाजूला जॅकसाठी भोक मारू, एका दिवसात काम होईल. कामात चूक काहीच नव्हती, जगभर असंच करतात. पण पोरगा गिटार परत घेऊन आला. त्या लाकडाला ड्रिल लागलेलं त्याला बघवणार नव्हतं.

मग मी जरा वाचायला बसलो, आणि गंमत म्हणजे असं लक्षात आलं की ‘काढता येणारा पिकअप’ ही काही गरिबाची तडजोड नाही. साध्या गिटारला वीज भेटली ती बऱ्याच अंशी याच रूपात.

पिकअपचा जन्म झाला तो हवाईयन गिटारसाठी. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांब सरकवून वाजवतात ती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत तिने जगाला वेड लावलं होतं. पण वाद्यवृंद मोठे होत गेले, ट्रम्पेट-सॅक्सोफोन आले, आणि गिटारवाला दिसायचा पण ऐकू यायचा नाही. अमेरिकेतला जॉर्ज बोशँ हा असाच एक वैतागलेला हवाईयन गिटारवादक. त्याने 1931 च्या सुमारास नालाच्या आकाराचे दोन चुंबक तारांभोवती बसवले आणि खाली गुंडाळी ठेवली. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलली की गुंडाळीत वीज निर्माण होते, तार जशी हलेल तशीच वीज हलते. फॅरेडेचा शाळेत शिकलेला नियम, दुसरं काही नाही. 1932 पासून ती गिटार बाजारात आली. अॅल्युमिनियमची, गोल, लांब दांड्याची. लोकांनी नाव ठेवलं ‘तळणीचा तवा’. पेटंटचा अर्ज 1934 सालचा, पेटंट मिळालं 1937 साली.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. त्या तव्याच्या पोटात पोकळी नव्हती, लाकडाचा नाद नव्हता. पिकअपला त्याची गरजच नव्हती. त्याला फक्त पोलादाची हालचाल कळते. खोली कळत नाही, लाकूड फारसं कळत नाही, माणसाचा आवाज तर अजिबात नाही. तुम्ही पिकअपच्या तोंडाशी जाऊन ओरडलात तरी तो ढिम्म. आपण त्याला कान म्हणतो खरं, पण हा एकाच गोष्टीपुरता उघडा असलेला कान आहे.

मग प्रश्न आला की ज्यांच्याकडे आधीच चांगली लाकडी गिटार आहे त्यांनी काय करायचं? उत्तर दिलं हॅरी डीआर्मंडने. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलीडो गावचा हा माणूस. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्याचे पिकअप विकायला आले. साध्या गिटारवर अडकवायचे, कार्यक्रम झाला की काढून ठेवायचे. ना करवत, ना भोक. टेक्सासचा ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्स याच्या फोटोंत साउंडहोलमध्ये आडवा बसवलेला तो पिकअप स्पष्ट दिसतो. तिकडे फ्रान्समध्ये जँगो राईनहार्टने आपल्या लाकडी गिटारवर स्टिमर नावाचा असाच अडकवायचा फ्रेंच पिकअप लावून 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात रेकॉर्डिंग केली. ज्या गिटारवर तो एरवी नुसत्या बोटांच्या जोरावर वाजवायचा, तिच्यातून अचानक एक वेगळाच, जाड, थोडा खरखरीत आवाज यायला लागला. जुन्या चाहत्यांना तो आवडत नाही. मला आवडतो. असो.

आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडेही हवाईयन गिटार आली होतीच. हवाईचा ताऊ मो आपल्या कुटुंबासह 1940 च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिला, वाजवत आणि शिकवत. लखनौचा व्हॅन शिप्ली मुंबईत आला आणि इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाच्या धुना वाजवून त्याने एचएमव्हीच्या तबकड्या भरल्या. स्वतःसाठी आठ तारांची गिटार त्याने स्वतःच आखून घेतली होती. नंतर सुनील गांगुली आले. माझ्या पिढीला आठवत असेल, रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी मिनिटं भरायला गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या धुना लावायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं गिटारचा आवाज असाच असतो, लांबलेला, घसरत जाणारा. त्या सगळ्या आवाजामागे बोशँचा चुंबक होता. (ब्रिजभूषण काब्रांनी याच सरकत्या गिटारवर राग वाजवले. 1967 चं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ज्यांच्या घरात होतं त्यांना वेगळं सांगायला नको.)

पण सिनेमाच्या गाण्यातली साधी, म्हणजे लाकडी, ठेका धरणारी गिटार मात्र बराच काळ मायक्रोफोननेच नोंदवली जायची. सगळा वाद्यवृंद एका हॉलमध्ये, गायक एका कोपऱ्यातल्या केबिनमध्ये, आणि एकच टेक. गिटारसारखं हळू वाद्य माईकच्या जवळ, ब्रास पार मागे. कोण किती लांब बसणार यावर गाण्याचं संतुलन ठरायचं. परळच्या राजकमल कलामंदिरात बसून मंगेश देसाईंसारखे रेकॉर्डिस्ट हे काम करायचे. म्हणजे तिथे आवाजाची निवड अंतराने होत होती. पिकअपला अंतरच नाही. तो तारेपासून दोन-चार मिलिमीटरवर असतो आणि कायम तिथेच असतो.

दुसऱ्या जातीचा पिकअप म्हणजे पिझो. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी 1880 साली दाखवलं. (त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, जिथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला नटाच्या छातीशिवाय काहीही नव्हतं. उगाच आठवलं.) पिझोला तार पोलादाची असो की नायलॉनची, काही फरक पडत नाही, कारण तो लाकडाचं थरथरणं पकडतो. 1960 च्या दशकात हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कॅमनने ओव्हेशन गिटारी काढल्या, आणि लवकरच त्यांच्या ब्रिजच्या पट्टीखाली पिझो बसायला लागले. आज दुकानात ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणून जी गिटार मिळते, कडेला तीन-चार बटणं असलेली, तिचा वंश हा.

पिझोचं स्वस्त रूप म्हणजे चिकटवायची किंवा चिमट्याने लावायची चकती. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नुसती पिझो चकती दहा-वीस रुपयांत मिळते, वायर-जॅकसकट तयार पिकअप दोन-तीनशेत. पुतण्याने आधी हाच आणला होता. आवाज कसा आला? डब्यातून आल्यासारखा. त्याचं कारण चकतीपेक्षा तिच्या पुढच्या जोडणीत जास्त आहे. पिझोच्या पुढे किमान दहा लाख ओमचा, म्हणजे एक मेगाओमचा, अडथळा लागतो. तो नसेल तर खर्जच गळून जातो आणि किरकिर तेवढी उरते. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ असं बटण असतं ते दाबलं की काम बरंचसं होतं. शिवाय चकती दोन बोटं इकडेतिकडे सरकवली की आवाज पार बदलतो, त्यामुळे एक दुपार त्यात घालवायची तयारी हवी. आणि ती चिकटवायची माती जुन्या पॉलिशवर फार दिवस ठेवू नये. मनगट घासलं, बाही लागली, तर तेही सगळं त्यात ऐकू येतं.

फॅक्टरीत लाकूड कापून बसवलेला पिकअप तरी दरवेळी बरा असतो का? तर त्याचं एक जगप्रसिद्ध उत्तर आहे. मार्टिन कंपनीने 1950 च्या दशकाच्या अखेरीला डी-18ई नावाची गिटार काढली. चांगल्या लाकडी गिटारच्या छातीवर दोन डीआर्मंड पिकअप, तीन बटणं आणि एक स्विच, सगळं भोकं पाडून पक्कं बसवलेलं. ती फारशी चालली नाही. त्यातली एक, 1959 ची, पुढे कर्ट कोबेनकडे आली आणि नोव्हेंबर 1993 मध्ये एमटीव्ही अनप्लग्डच्या कार्यक्रमात त्याने ती वाजवली. 2020 साली लिलावात तिला साठ लाख डॉलर आले. पण त्या कार्यक्रमाच्या चित्रफितीत नीट बघा : साउंडहोलमध्ये एक वेगळा, नंतर लावलेला बार्टोलिनी पिकअप आहे. म्हणजे कंपनीने करवत चालवून बसवलेले दोन जागेवर असताना त्यात वरून अडकवलेला तिसरा.

हे मी पुतण्याला पाठवलं तेव्हा त्याने नुसता अंगठा पाठवला. हल्लीची पिढी.

आता आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या अडचणी. जाणकार सांगतात की लाकडी गिटारसाठी चांगला माईक आणि शांत खोली यासारखं काही नाही. ते खरंच आहे. पण शांत खोली कुठून आणायची? पुतण्या राहतो सिडकोत. मार्च ते जून कूलर बंद करून कुणी पाच मिनिटं गिटार वाजवून दाखवावी. कूलर बंद केला तर शेजारच्याचा ऐकू येतो. नळाला पाणी येण्याच्या दिवशी गल्लीभर मोटारी सुरू. त्यातून उरलंच तर समोर बांधकाम आहे. 1930 च्या त्या गिटारवाल्याला ट्रम्पेटपासून सुटका हवी होती, याला कूलरपासून हवी आहे. औषध तेच, साउंडहोलमध्ये अडकवायचा चुंबकी पिकअप. त्याला कूलर ऐकूच येत नाही.

फक्त एक आहे. कूलरचा आवाज त्याला कळत नसला तरी कूलरच्या मोटारीची वीज कळते! साधी एक गुंडाळी असलेला पिकअप घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट उचलतो, आणि अर्थिंग नीट नसेल तर फारच. त्यावरचा उपाय गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 साली पेटंटला लावला : उलट दिशेने जोडलेल्या दोन गुंडाळ्या, ज्यात गुणगुणाट एकमेकांना खाऊन टाकतो आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. त्याला हमबकर म्हणतात. तेव्हा साउंडहोलचा पिकअप घेताना तो हमबकर आहे का एवढं विचारावं. नामवंत कंपन्यांचे काही हजारांत जातात, पण बिननावाचे बरेच स्वस्त मिळतात, आणि तालीम किंवा घरगुती नोंदणीसाठी त्यातला दोन गुंडाळ्यांचा चालून जातो. बॅटरीवाला नसला तरी बिघडत नाही.

दुसरी अडचण तारांची. लाकडी गिटारच्या जाड तारांवर ब्राँझचा वेढा असतो. चुंबकाला ब्राँझ दिसत नाही, आतली पोलादी तार तेवढी दिसते. त्यामुळे खालच्या दोन उघड्या पोलादी तारा, विशेषतः दुसरी, ओरडायला लागतात आणि खर्ज मागे पडतो. काही पिकअपमध्ये प्रत्येक तारेखालचा स्क्रू वरखाली करता येतो, तो दुसऱ्या तारेखाली खाली घ्यायचा. नाहीतर निकेलच्या तारा चढवायच्या. (नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा, चुंबक तिथे बहिराच.)

इथपर्यंत सगळं ठरलं होतं. पण एक गोष्ट मला टोचत होती. दादाच्या आवाजाची जी काही नोंद आमच्याकडे आहे ती एकाच कॅसेटवर. 1989 च्या दिवाळीतली, घरच्या टू-इन-वनवर त्याच्या स्वतःच्या हाताने घेतलेली. तांत्रिकदृष्ट्या भयंकर. गिटार पाण्याखालून वाजल्यासारखी. पण त्यात तिसऱ्या चालीच्या मध्ये कुकरची शिट्टी होते, आई आतून “दार लोट रे, डास येतात” म्हणते, दादा वाजवता वाजवता हसतो आणि एक मात्रा चुकतो. त्या दिवशी त्याच्याकडे उत्तम पिकअप असता तर आज आमच्याकडे तारा असत्या, बाकी काही नसतं. आईही नसती.

पुतण्याला मी हे असंच लिहिलं. कूलर नको हे कबूल. पण आत्ता तो राहतो ते घर, त्याची दोन वर्षांची मुलगी मधेच येऊन तारांवर थाप मारते ती, हेही नको आहे का? हे त्याने ठरवायचं. दोन्ही हवं असेल तर सोपं आहे. पिकअप इंटरफेसला, आणि समोर हातभर अंतरावर मोबाईल, आवाज नोंदवत. नंतर दोन्ही एकावर एक ठेवायचे. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे मीटरभर दूरचा मोबाईल तारेपेक्षा तीनएक मिलिसेकंद उशिरा ऐकतो. तेवढा तो मागे ओढायचा, नाहीतर आवाज पोकळ होतो. मोबाईलचं घड्याळ आणि इंटरफेसचं घड्याळ लांबलचक वाजवण्यात किंचित फारकत घेतं, म्हणून एकेक चाल वेगळी नोंदवायची. प्रत्येक चालीआधी सहावी तार एकदा जोरात छेडायची, स्क्रीनवर दोन्हीकडे जो उंचवटा दिसतो तो जुळवला की झालं. मग चाल एकटी ऐकायची असेल तेव्हा मोबाईलचा आवाज बंद, घरासकट ऐकायची असेल तेव्हा चालू.

त्याने साउंडहोल मोजून पाठवलं आहे, 98 मिलिमीटर. बहुतेक साउंडहोल पिकअप शंभरच्या आसपास धरून केलेले असतात, तेव्हा चिमटा बसायला हरकत नाही. फक्त तिथलं लाकूड जुनं आणि पातळ आहे, म्हणून स्क्रू हाताने लागेल तेवढाच आवळायचा आणि चिमट्याच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवायचा. वायर भोकातून बाहेर काढून खालच्या पट्ट्याच्या बटणाला एक वेढा द्यायचा, म्हणजे पाय अडकला तरी झटका पिकअपला बसत नाही. नळ येण्याचा दिवस सोडून एखादा रविवार बघतोय म्हणाला.